शिंक्यातल्या चौदा नळ्या

वेवजीच्या त्या पाड्यावर दक्षाचं नाव निघालं की बायका बोटांनी एक खूण करत. अंगठा आणि पहिलं बोट जवळ आणायचं, मधे कणभर फट ठेवायची, एक डोळा मिटायचा आणि त्या फटीतून बघायचं. म्हणजे शुक्रीची पोर, मुंबईत राहून बारीक बारीक काहीतरी बघते ती. खूण कुचेष्टेची नव्हती. दक्षा काय शिकते हे सांगायला कुणाकडे शब्द नव्हता, म्हणून बोटं पुढे आली होती. शब्द द्यायचं काम खरं तर दक्षाचं होतं. ते तिने केलं नाही, आणि पुढे जे झालं ते त्यातूनच झालं.

तिचं शिक्षण म्हणजे एकेक गाव मागे टाकत जाणं. दहावीपर्यंत आश्रमशाळा, अकरावी-बारावी तलासरीत, बी.एस्सी. डहाणूला, एम.एस्सी. मुंबईत. बाप ती नववीत असताना काविळीने गेला. शुक्रीने भाताची एक पट्टी आणि सीमेपलीकडच्या कारखान्यांतली रोजंदारी यांवर घर चालवलं. सकाळी टेम्पोत उभी राहून गुजरातेत जायची, दिवस कलला की तशीच उभी राहून परत यायची. पोरीला तिने एकदाच विचारलं होतं, किती राहिलं गं अजून? दक्षा म्हणाली होती, थोडं. त्याला आता नऊ वर्षं झाली होती, आणि शुक्रीने तो प्रश्न पुन्हा विचारला नव्हता.

एम.एस्सी.नंतर दक्षाला पाच वर्षांची शिष्यवृत्ती मिळाली आणि भारती मॅडमनी तिला पीएच.डी.साठी आपल्या प्रयोगशाळेत घेतलं. विषय होता, विरुद्ध विद्युतभाराच्या कलिली कणांपासून आपोआप जुळून येणारे स्फटिक.

नाव मोठं आहे, गोष्ट तेवढी अवघड नाही. दूध पांढरं दिसतं, कारण त्यात डोळ्यांना न दिसणारे बारीक थेंब तरंगत असतात. ते खाली बसत नाहीत, विरघळतही नाहीत. अशा मिश्रणाला कलिल म्हणतात. दक्षा थेंबांऐवजी प्लॅस्टिकचे गोल कण घ्यायची, केसाच्या जाडीत पन्नास मावतील एवढे. अर्धे कण साधे, त्यांच्यावर ऋण भार. अर्धे रंगवलेले, त्यांच्यावर धन. दोन्ही एका तेलासारख्या द्रवात सोडले की ते एकमेकांकडे ओढले जातात. मिठाच्या खड्यात सोडियम आणि क्लोरीन जसे एकाआड एक बसलेले असतात, तसे हे कणही बसावेत, कुणी न बसवता, आपले आपण. जगात हे वीसेक वर्षांपूर्वी झालेलं होतं. दक्षाला ते स्वतः बनवलेल्या कणांत करून दाखवायचं होतं, आणि त्याला नेमका किती क्षार लागतो ते मोजायचं होतं.

क्षाराचं काम असं. नुसत्या द्रवात ओढ फार जबर असते. कण पहिला जो भेटेल त्याला घट्ट चिकटतो, मग जागा चुकीची का असेना. त्याच्यावर दुसरा, दुसऱ्यावर तिसरा, आणि नळीत एक वेडावाकडा गोळा तयार होतो. क्षार फार झाला तर ओढच उरत नाही आणि काहीच घडत नाही. पण मधे कुठेतरी एक माप असतं. त्या मापात कण चिकटतो, सुटतो, थोडा सरकतो, पुन्हा चिकटतो, आणि असं करत करत स्वतःची जागा शोधून काढतो. त्याला सुटायची मुभा लागते, भरपूर वेळ लागतो आणि भोवती शांतता लागते. दक्षाने वहीच्या पहिल्या पानावर एवढंच लिहिलं होतं: मुभा, वेळ, शांतता.

साडेपाच वर्षांत तिला तिन्ही एकदम कधी मिळालं नाही. पहिली दोन वर्षं कण एका मापाचे होईनात, त्यातच करोनात प्रयोगशाळेला कुलूप लागलं. मग कण चांगले झाले, तर गोळे. कमी क्षारात गोळे, वाढवलेल्या क्षारात गोळे, आणि त्याच्या पुढच्या पायरीवर एकदम काहीच नाही. प्रयोगशाळेच्या भिंतीपलीकडे रस्त्याचं खोदकाम सुरू झालं आणि टेबलावरच्या पेल्यातलं पाणी दिवसभर थरथरू लागलं. शिष्यवृत्ती संपली. वसतिगृहाची खोली सोडावी लागली. तिचं टेबल नव्या मुलीला मिळालं, आणि त्या मुलीने फार ओशाळून तिची कणांची बाटली उचलून बाजूला ठेवली.

भारती मॅडम वाईट नव्हत्या. त्यांनी खटपट करून सहा महिन्यांची मुदत वाढवून आणली आणि सरळ सांगितलं, की प्रबंधातली तीन प्रकरणं नुसती गोळ्यांची आहेत. चौथ्यात एक फोटो पाहिजे, ज्यात साधे आणि रंगीत कण एकाआड एक बसलेले दिसतील. फोटो आला तर परीक्षकांपुढे मी तुझ्या बाजूने उभी राहीन. तीस एप्रिलपर्यंत आला नाही तर मलाही काही करता येणार नाही.

दक्षा उरलेले कण, द्रव आणि नळ्या घेऊन वेवजीला परत आली. घरी यायला कारण एकच होतं, घरात जागा होती. भुई हलते हे ती विसरली नव्हती. ती एम.एस्सी.ला असताना डहाणू-तलासरीची भुई पहिल्यांदा सारखी हलू लागली होती. आधी खालून सुरुंग फुटल्यासारखा आवाज यायचा आणि मग भांडी वाजायची. कित्येक महिने लोक घरकुलाच्या स्लॅबखाली निजले नाहीत, ताडपत्रीखाली निजले. पोरांच्या शाळा झाडाखाली भरल्या. पुढे ते कमी कमी होत गेलं. आता भुई निजली, असं शुक्री फोनवर सांगायची. दक्षाने त्या वाक्यावर भरवसा ठेवला. भरवसा ठेवायला दुसरं काही नव्हतंच.

तिने चौदा नळ्या भरल्या. काचेच्या चपट्या नळ्या, बोटभर लांब, आगकाडीपेक्षा थोड्या रुंद. पहिलीत क्षार सगळ्यात कमी, पुढच्या प्रत्येकीत थोडा थोडा जास्त. दोन्ही टोकं गोंदाने बंद केली आणि घरकुलाच्या मागच्या खोलीत फळीवर मांडून ठेवल्या. अकराव्या दिवशी जेवणाच्या वेळेला भुईतून तो आवाज आला. भांड्यांची मांडणी कलंडली, चार नळ्या खाली पडून फुटल्या. उरलेल्या दहांत जे काही जुळू लागलं असेल ते ढवळून गेलं. दक्षा काचा वेचत होती आणि शुक्री दारात उभी राहून बघत होती. पोरगी रडत नव्हती, म्हणून तिला जास्त भीती वाटली.

बारक्या आला तो दुसऱ्या दिवशी. बारक्या म्हणजे शुक्रीचा धाकटा भाऊ, शेजारच्याच घरात राहायचा. दोऱ्या वळणं, मासे धरायच्या मल्या विणणं, कुणाचं छप्पर शाकारून देणं, असली हाताची कामं करायचा आणि तोंडाने सगळ्या पाड्याची चेष्टा करायचा.

"तुझ्या काचा भुईला टेकवून कशाला ठेवतेस?" त्याने विचारलं.

"मग कुठे ठेवू मामा, ढगात?"

"ढगात नको. शिंक्यात ठेव." मग तो पायरीवर बसला आणि सांगू लागला, की पहिल्या वर्षी एवढा मोठा धक्का आला, पाड्यावरची सगळी भांडी खाली आली, पण मागच्या कुडाच्या घरात टांगलेलं सुक्या बोंबलांचं मडकं होतं तसं होतं. झाकणीसुद्धा सरकली नव्हती. "मांजर घाबरून तलासरीला पोचलं असेल. मडक्याला पत्ता नव्हता."

दक्षा हसली, आणि हसता हसता थांबली. तिने वही काढली. दोन मीटरची दोरी, खाली जड वजन. अशी टांगलेली वस्तू एक झोका घ्यायला जवळजवळ तीन सेकंद लावते. भुईचा धक्का एका सेकंदात दहा-दहा वेळा पुढे-मागे होतो. झोका सुरू व्हायच्या आत धक्का दिशा बदलतो, आणि शिंकं जागच्या जागी राहतं. मुंबईत यासाठी हवेवर तरंगणारं टेबल असतं, तिला ते कधी वापरायला मिळालं नव्हतं. तिने मामाला गणित दाखवलं. मामाने वही उलटी धरून गंभीरपणे मान डोलावली.

शिंकं दोन दिवसांत झालं. सागाची गुळगुळीत फळी, चार कोपऱ्यांना चार दोऱ्या, आणि फळीच्या खाली घट्ट बांधलेला फुटका पाटा. कुडाच्या घरात, बोंबलांच्या मडक्याशेजारी, आढ्याला ते टांगलं. हे जुनं घर. कारवीचे कूड शेणाने सारवलेले, वर कौलं, आत भाताची कणगी आणि कोंबड्या. घरकुल मिळाल्यापासून तिथे माणसं राहत नव्हती.

काम चालू असताना दक्षाने मामाला सगळं समजावून सांगितलं. सुपात मूठभर भात आणि मूठभर नागली घेतली, एक दाणा हा, एक दाणा तो, अशा ओळी लावून दाखवल्या. कण कसे चिकटतात, कसे सुटतात, आणि मधेच सूप हलवलं तर सगळं कसं परत पहिल्यापासून. बारक्याला कळलं. "म्हणजे फुटलं नाही तरी मोडतं," तो म्हणाला. दक्षा म्हणाली, हो मामा, तेच.

शुक्री तेव्हा अंगणातच होती. दाणे वाया घालवू नका, एवढं म्हणून ती पाण्याला गेली. तिला बोलवावं असं दक्षाच्या मनात आलं. पण आईला सांगायला बसलं की ती दुसऱ्याच वाक्याला म्हणायची, मला काय कळतंय त्यातलं, आणि मग दक्षाला आपण फार लांब जाऊन पोचलोय असं वाटायचं, आणि तिथून ओरडून बोलायचा कंटाळा यायचा. पाच वर्षं हेच चाललं होतं. म्हणून संध्याकाळी तिने आईला सोपं तेवढं सांगितलं.

"आये, ती काच आहे. फुटली तर माझं सगळं गेलं. कोंबड्या आत येऊ देऊ नकोस."

वाक्य लहान होतं, कामाचं होतं. शुक्रीने ते मनात पक्कं ठेवलं.

दुसऱ्या खेपेच्या चौदा नळ्या भरताना कण संपले. बाटलीच्या तळाला राहिले ते दक्षाने पुसून घेतले. नवे करायचे तर मुंबईतली उपकरणं पाहिजेत आणि चार महिने पाहिजेत. म्हणजे ह्या शेवटच्या. एप्रिलच्या पहिल्या तारखेला तिने त्या फळीवर मांडल्या आणि श्वास धरून हात काढून घेतला.

मग वाट बघणं. रोज दुपारी, बाहेर ऊन आणि कुडाच्या घरात अंधार असताना, ती आत जायची, शिंक्याला हात न लावता बॅटरीचा उजेड तिरका पाडायची आणि एकेक नळी बघायची. फिकट गुलाबी द्रव, सगळीकडे सारखा. शुक्री कोंबड्या हाकलायची. कारखान्यातून आली की आधी मागे जाऊन दार लोटलेलं आहे ना ते बघायची, मग पाणी प्यायची. एकदा तिने शिंक्यापुढे उदबत्ती लावायला घेतली तेव्हा दक्षाने घाईने तिला थांबवलं, द्रव पेट घेईल म्हणून. शुक्रीने उदबत्ती विझवली आणि विवळवेढ्याच्या महालक्ष्मीला नारळ बोलली. त्याला आग लागत नव्हती.

त्या दिवसांत भुई दोनदा हलली. दोन्ही वेळा दक्षा धक्का थांबताच आत धावली. कणगीवरची टोपली पडली होती, भिंतीवरून माती झरली होती. शिंकं स्वस्थ होतं. एखादं झाड वारा नसताना असतं तसं.

एकोणिसाव्या दिवशी नऊ नंबरच्या नळीत रंग दिसला.

आधी तिला वाटलं बॅटरीच्या काचेचा आहे. तिने उजेड हलवला. जुन्या सीडीवर दिसतात तसे रंग, एक हिरवा पट्टा, त्याच्या कडेला निळा, आणि उजेड खाली नेला की तांबडा. ठिपका होता मोहरीएवढा. कण ओळीने, सारख्या अंतराने बसल्याशिवाय असा रंग येत नाही. गोळ्याला रंग नसतो. दक्षा तिथेच सारवणावर बसली. तिला ओरडावंसं वाटलं, पण ओरडायची भीती वाटली.

तिने मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, हात लावू नकोस. मोठा होऊ दे, आणि सूक्ष्मदर्शक त्याच्याकडे ने, त्याला सूक्ष्मदर्शकाकडे नेऊ नकोस. तलासरीच्या कॉलेजात कॅमेऱ्याचा सूक्ष्मदर्शक होता, आणि तिथल्या प्रयोगशाळेतले लाहूभाऊ दक्षाला अकरावीपासून ओळखत होते. प्रात्यक्षिक परीक्षा शनिवारी संपत होती. शनिवारी यंत्र मागणारं मॅडमचं पत्र आणून द्यायचं, सोमवारी लाहूभाऊ गोधडीत गुंडाळून मोटारसायकलवरून यंत्र घेऊन येणार, असं ठरलं. सोमवारी तारीख सव्वीस. चार दिवस हातात राहत होते.

शुक्रवारी संध्याकाळी दक्षाने आईला आत नेलं. नऊ नंबरवर उजेड पाडला. ठिपका आता तांदळाच्या दाण्याएवढा झाला होता. शुक्री बराच वेळ वाकून बघत राहिली. रंग तिच्या डोळ्यांतही बारीक चमकला.

"हे तू केलंस?"

"मी नाही. आपोआप झालं."

"तू नव्हतीस तेव्हा नाय झालं ते आपोआप," शुक्री म्हणाली. मग थोड्या वेळाने तिने विचारलं, "आता हे फुटलं नाय म्हणजे झालं ना तुझं?"

सांगायची वेळ ती होती. सूप घरात होतं, भात होता, नागली होती. पण दक्षा त्या दिवशी इतकी खूश होती की तिला लांबण नको होतं.

"हो आये," ती म्हणाली. "फुटलं नाही म्हणजे झालं."

शनिवारी ती पत्र घेऊन तलासरीला गेली; नळ्यांजवळ कुणी असावं म्हणून शुक्रीने त्या दिवशी कामावर खाडा केला. लाहूभाऊंनी यंत्र काढून, पुसून, तिच्यासमोर लावून दाखवलं. दुपारचे दोन वाजून गेले होते. आवाज आधी आला, मग व्हरांड्याचा कठडा हातात नाचला. सगळे मैदानात पळाले. गेल्या दोन महिन्यांतला सगळ्यात मोठा धक्का होता. बाहेर आल्यावर लाहूभाऊ म्हणाले, बघ, तुझं यंत्र मी टाकून पळालो नाही, बगलेत घेऊनच पळालो. दक्षा हसली. तिला खरंच काळजी वाटत नव्हती. दोन मीटर दोरी, तीन सेकंदांचा झोका. तिने मामाला फोन लावला. घरं उभी आहेत, सगळे बाहेर आहेत, असं मामा म्हणाला. पुढे काहीतरी बोलायला लागला तेवढ्यात फोन कटला. शेअर रिक्षात परत येताना ती मनात प्रबंधाचं चौथं प्रकरण लिहीत होती. पहिलं वाक्य तयारही झालं होतं.

पाड्यावर सगळी माणसं मोहाच्या झाडाखाली जमली होती. शुक्री पाय पसरून बसली होती. कपाळावर चिंधी दाबलेली, ती लाल झालेली. मांडीवर जुन्या लुगड्याचं बोचकं होतं, आणि त्याच्यावर तिने दोन्ही हात ठेवले होते, तान्ह्या पोरावर ठेवावेत तसे. बारक्या लांब उभा होता. त्याने दक्षाकडे बघितलं नाही.

बायकांनी एकदम सांगायला सुरुवात केली. भुई गरजली तशी सगळी माणसं बाहेर पळाली, आणि शुक्री आत पळाली. जुन्या घरात. वरून कौलं सुटत होती. एक तिच्या कपाळावर आलं. दोरीच्या गाठी सुटेनात, तर तिने कोयत्याने चारही दोऱ्या तोडल्या, पाट्यासकट फळी अंगावर घेतली, नळ्या पदरात भरल्या आणि जी पळत सुटली ती थेट शेताच्या पलीकडच्या बांधावर. पाड्यावरच्या काळ्याची म्हातारी आई म्हणाली, एवढं तर ती लग्नाच्या वरातीत पण नव्हती पळाली. बायका हसल्या. शुक्रीही हसली.

"मोजून घे," ती म्हणाली. "एक पण नाय फुटली."

दक्षाने बोचकं उघडलं. चौदा होत्या. तिने नऊ नंबरची घेतली, झाडाच्या बुंध्याच्या सावलीत नेली आणि बॅटरी लावली. फिकट गुलाबी. तिने नळी हळूहळू फिरवली, उजेड वर नेला, खाली नेला, कडेने पाडला. सगळीकडे सारखा गुलाबी. पळणाऱ्या बाईच्या पदरात प्रत्येक पावलाला जो हिसका बसतो, तो त्या धक्क्यापेक्षा किती पट मोठा, हे गणित तिला नको असताना डोक्यात होऊन गेलं.

"लागलंय तुला आये," ती म्हणाली.

"लागू दे. तुझं वाचलं ना?"

बायका बघत होत्या. बारक्या बघत होता. दक्षाला आपल्या तोंडातून काय येणार ते आधीच माहीत होतं, आणि तरी ते यायला वेळ लागला.

"वाचलं," ती म्हणाली.

नंतर ती एकटीच कुडाच्या घरात गेली. चार कौलं पडली होती, त्या भोकांतून ऊन खाली आलं होतं. आढ्याला चार तोडलेल्या दोऱ्या सरळ लोंबत होत्या. शेजारी बोंबलांचं मडकं टांगलेलं होतं. झाकणी सरकली नव्हती.

बारक्या मागून आला आणि दारातच थांबला. तो म्हणाला, मी ओरडलो तिच्यावर, सोड म्हणून, राहू दे म्हणून. तिने ऐकलं नाही. 

"मला सांगितलंस," तो म्हणाला. "मला, मल्या विणणाऱ्याला. तिला का नाय सांगितलंस?"

त्याच्या आवाजात राग नव्हता. 

तोडलेल्या दोऱ्यांना गाठी मारून दक्षाने नळ्या परत टांगल्या. सहा दिवस राहिले होते आणि रंग यायला एकोणीस लागले होते. शिवाय तो द्रव हळूहळू नासत असतो, त्यात आपोआप क्षार तयार होतात, कणांवरचे भार बदलतात. एका महिन्यानंतर धन आणि ऋण आपली ओळख विसरू लागतात. हे सगळं तिला माहीत होतं. तरी ती रोज दुपारी आत जाऊन बॅटरी लावत होती, कारण शुक्री अंगणातून बघायची. लाहूभाऊंना तिने यंत्र आणू नका असं कळवलं, कारण सांगितलं नाही. तीस तारखेला तिने मॅडमना तीन ओळींची मेल पाठवली. मॅडमचं उत्तर एका ओळीचं आलं, मला फार वाईट वाटतं. ते खरं होतं, आणि त्याचा उपयोग नव्हता. जूनमध्ये विद्यापीठाचं पत्र आलं, नोंदणी रद्द झाल्याचं. दक्षाने ते वहीत पहिल्या पानाशी ठेवलं.

आता ती सीमेपलीकडच्या एका रंगाच्या कारखान्यात आहे. शुक्री ज्या टेम्पोत उभी राहून जायची त्याच टेम्पोत दक्षा उभी राहून जाते. शुक्रीने रोजंदारी सोडली, पोरगी कामाला लागली म्हणून. कारखान्यात मोठमोठ्या टाक्यांत पांढरा द्रव असतो, कलिलच, तसेच गोल बारीक कण. दर तासाला दक्षा नमुना घेते आणि दाटपणा मोजते. टाक्यांत पंखे दिवसरात्र फिरत असतात, कारण कण एकत्र आले तर माल खराब होतो. ढवळणं थांबलं तर तिने धावत जाऊन सांगायचं, असं तिचं काम आहे. साहेब तिच्यावर खूश आहेत. एवढ्या शिकलेल्या मुलीला इतकं लक्ष देऊन टाकीकडे बघताना त्यांनी कधी पाहिलेलं नाही.

शिंकं कुडाच्या घरात अजून आहे. बारक्याने नव्या दोऱ्या लावून दिल्या, शुक्रीने मागे लागून त्या लावून घेतल्या. कुणी पाहुणा आला की ती त्याला मागे नेते. माझ्या पोरीने केलेलं आहे, म्हणते, भुई हलली तेव्हा मी वाचवलं. मग कपाळावरचा वण दाखवते. पाहुणा फिकट गुलाबी नळ्यांकडे बघतो आणि मान डोलावतो. पोरीचं शिक्षण झालं का, असं कुणी विचारलं की शुक्री म्हणते, झालं की, म्हणून तर कामाला लागली. पाड्यावरच्या बायका अजूनही बोटांनी ती खूण करतात.

दक्षाने एकदा सांगायला घेतलं होतं. दिवाळीनंतरचा रविवार होता, नवा भात झोडून झाला होता. तिने सुपात भात आणि नागली घेतली आणि आईला म्हणाली, बस इथे. शुक्री बसली. यावेळी ती मला काय कळतंय असं म्हणाली नाही. दक्षा एकेक दाणा लावत गेली, हा, मग तो, मग हा. शुक्री लक्ष देऊन बघत होती. पायरीवर बारक्या बसला होता. त्याचा दोरी वळणारा हात थांबला.

"आणि मग?" शुक्रीने विचारलं.

दक्षा पुढचा दाणा बोटात धरून बसली. पुढचं वाक्य एकच होतं. ते बोललं की आईच्या कपाळावरच्या वणाला काय नाव द्यायचं, हे तिला सुचत नव्हतं.

तेवढ्यात खालून आवाज आला. लहानसाच धक्का, पायाखालून कुणी गोणी ओढावी एवढा. कोंबड्या फडफडल्या. शुक्री उठली आणि सूप ओलांडून जुन्या घराकडे धावली. बारक्याने दक्षाकडे बघितलं. हाक मारली असती तर ऐकू जाण्याइतकं अंतर होतं. दक्षा उठली नाही आणि हाकही मारली नाही. तिने फक्त आवाज ऐकला, दाराचा, मग फळी भिंतीला घासल्याचा, मग अनवाणी पावलांचा.

शुक्री मोहाखाली येऊन उभी राहिली, धापा टाकत. या खेपेला तिने गाठी सैल बांधून घेतलेल्या होत्या, कोयता लागला नव्हता. पदराची ओटी तिने दोन्ही हातांनी धरली होती.

"एक पण नाय फुटली," ती म्हणाली. "मोजून घे."

दक्षा तिच्यापाशी गेली, पदर उघडला आणि एकेक करून चौदा मोजल्या.